सूत रंगवण्याच्या युनिटमध्ये हायड्रोचं काम मिळालंय, मालकाने कापडी मास्क दिलाय. तेवढा पुरेल का?

नाही पुरणार. कापडी मास्क फार तर थोडीफार भुकटी अडवतो, गॅस नाही. पण खरं सांगू का, हायड्रो म्हणजे रंगाईत लागणारी रासायनिक भुकटी, तिच्या कामात पहिलं बघायचं ते ओल. मास्क त्यानंतर.

मी बेळगावच्या वडगावचा. खासबागेतल्या एका रंगाईत बरीच वर्षं काढली. साड्यांचं सूत, व्हॅट रंग (एरवी पाण्यात न विरघळणारे), म्हणजे ते विरघळवायला कॉस्टिक सोडा आणि हायड्रो रोजचंच. रंगमास्तर माझे सख्खे मामा. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच असेल, आषाढात भिंतीसुद्धा घामेजतात. अशात हायड्रोच्या एका पिंपाचं झाकण कुणीतरी नुसतं वर ठेवलं होतं आणि नेमकं त्याच्यावरचं कौल गळत होतं. आधी वास आला, काडेपेटीची काडी ओढल्यावर नाकात जातो तसा. मग पिंपाच्या पत्र्यावरचा निळा रंग फुगून त्याला फोड यायला लागले. मामांनी कोपऱ्यातली वाळूची बादली उचलून आत रिकामी केली. जरा वेळ शांत. "बघ, बसलं की नाही?" म्हणेपर्यंत वाळूच्या कडेकडेने धूर उसळला आणि आम्ही सगळे खोकत, डोळे चोळत बाहेर. बंब आला, लांबून धो धो पाणी मारलं, तेव्हा कुठे ते थांबलं.

मामा आजही प्रत्येक लग्नकार्यात सांगतात की वाळूमुळे कारखाना वाचला. साफ खोटं. हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, थोडं ओलं झालं की आपलं आपणच तापतं. तापलं की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि त्या जळण्याला बाहेरची हवा लागत नाही. मग वाळू टाकून कोंडणार कशाला? थोडं पाणी त्याला पेटवतं, भरमसाट पाणी विझवतं. बादलीभर पाणी म्हणजे आगीत तेल. लांबून पाण्याचा मारा करायची सोय नसेल तर शहाणपणा करू नका, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला सगळ्यांना घेऊन निघा आणि 101 लावा. मामांना हे किती वेळा सांगितलं, त्यांचं उत्तर ठरलेलं: "वाचून रंग चढतो काय रे सुताला?"

वाचायलाच हवं. सप्लायरकडून मालाची सेफ्टी डेटा शीट येते, 16 भागांची असते. मालकाकडे मागा. त्यातला 5 वा भाग आगीचा, 7 वा हाताळणी आणि साठवणीचा, 8 वा मास्क-हातमोज्यांचा. दुकानाची पाटी कन्नडात की मराठीत यावरून आमच्याकडे लोक रस्त्यावर उतरतात. पिंपावरचा इशारा मात्र इंग्रजीत आणि पिंप उघडणारा पोरगा कन्नड शाळेत सातवीपर्यंत गेलेला. त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. तुम्ही निदान भिंतीवर दोन्ही भाषांत लिहून लावा.

बाकी रोजचं तुम्हाला ठाऊक असणारच. हायड्रोचं माप वेगळं आणि कोरडं ठेवा, लडी पिळलेला ओला हात पिंपात घालू नका, वजन करून उरलेली पूड परत पिंपात टाकू नका. भुकटी हौदातल्या पाण्यात थोडी थोडी सोडायची, भुकटीवर पाणी ओतायचं नाही. ॲसिड, ब्लीचिंग पावडर, पेरॉक्साइड हे त्याच्या शेजारी नकोच. ॲसिड सांडून हायड्रोला लागलं तर तोच गॅस सुटतो. पिंप जमिनीवर नाही, फळ्यांवर ठेवा, आणि वरचं छत आधी बघा.

मास्कचं म्हणाल तर ॲसिड गॅसचं कार्ट्रिज (गॅस अडवणारी डबी) असलेला मागा, कॉस्टिकसाठी चष्मा वेगळा. मालक कुरकुरेल, कुरकुरू दे. पण पिंप धुमसायला लागल्यावर तो मास्क चढवून आत घुसू नका, तो त्यासाठी नसतो. आणि दम्याचा त्रास असेल तर हे खातंच बदलून मागा, सल्फरचा गॅस दमेकऱ्याला इतरांपेक्षा फार लवकर धरतो. हो, हे सगळं हायड्रोपुरतं. तुमच्याकडे रिॲक्टिव्ह रंगही (सुताशी रासायनिक जोड धरणारे) असतील तर तिथे गोष्ट उलटी: त्यांची धूळ श्वासातून गेली की काहींना कायमचा दमा लागतो, म्हणून तिथे धुळीचा चांगला मास्क हवाच. कापडी मात्र तिथेही चालणार नाही.