लेझरचे संशोधन की बी.एड.?

फोंड्याहून एक पालक लिहितात : मुलगी बी.एससी.च्या शेवटच्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकते. तिचे प्राध्यापक लेझर आणि प्रकाशीय पदार्थांवर संशोधन करतात व तिलाही तेच करायचे आहे. घरच्यांना मात्र त्यात इतकी वर्षे घालवण्यापेक्षा तिने बी.एड. करून शाळेत नोकरी धरावी असे वाटते.

सप्रेम नमस्कार.

आपली चिंता वर्षांची आहे आणि ती रास्त आहे. एम.एससी.ची दोन व पीएच.डी.ची साधारण पाच वर्षे धरली, तर मुलगी स्थिरस्थावर होईपर्यंत तिशी जवळ येते. तथापि महाविद्यालयात शिकवण्यासाठी तेवढे थांबावे लागत नाही, एम.एससी.ला किमान ५५ टक्के गुण मिळवून नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्यास सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज करता येतो. नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत दरमहा ३७,००० रुपये मिळतात. बी.एड. काय, एम.एससी.नंतरही करता येईल.

या शाखेतला बराचसा वेळ पदार्थ तयार करण्यात जातो, हे मुलीला ठाऊक असावे. निओडिमियम या धातूचे ऑक्साइड मिसळून लेझरसाठी काच करायची, तर घटक मिलिग्रॅमपर्यंत तोलून, भट्टीत हजार अंशांच्या आसपास वितळवून, तो रस साच्यात ओतावा लागतो आणि मग सावकाश निववावा लागतो. घाई केली की काच तडकते. पुढे तिला पॉलिश करून ती कोणता प्रकाश शोषते, कोणता बाहेर टाकते आणि त्याला किती मायक्रोसेकंद लागतात, याची मोजमापे घ्यायची. स्फटिकांचे काम त्याहून चिकाटीचे. १०६४ नॅनोमीटरच्या अदृश्य लेझर प्रकाशापासून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश मिळवून देणारा पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचा चांगला स्फटिक द्रावणातून वाढायला आठवडे लागतात, आणि मिठाच्या बरणीलाही पाणी सुटते अशा आपल्या पावसाळ्यात तो उघडा राहिला, तर त्याची चकाकी जाते.

ही कौशल्ये अंगी असतील, तर इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र किंवा कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था अशा ठिकाणीही वाट आहे. बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत शोधलेला कार्बन डायऑक्साइड लेझर आज कारखान्यांत पत्रे कापतो आणि शस्त्रक्रियेतही वापरला जातो.

माझी शंका वेगळीच आहे : मुलीला संशोधन आवडते की ते प्राध्यापक? महाविद्यालयात दिवस तासिका, प्रात्यक्षिके आणि उत्तरपत्रिकांत सरतो. संशोधन बरेचदा संध्याकाळी व सुट्टीत होते. तिला नेमके काय आवडते ते कळण्यासाठी येत्या सुट्टीत दोन-तीन आठवडे तिला त्यांच्या प्रयोगशाळेत काम करू द्यावे. तिसरी काच तडकल्यावरही ती दुसऱ्या दिवशी कदंबा बस पकडून गेली, तर तिला अडवू नये. आयआयटींसारख्या संस्थांतील एम.एससी. प्रवेशासाठीच्या जॅम परीक्षेचे अर्ज बहुधा सप्टेंबरात सुरू होतात; तो अर्ज आणि गोवा विद्यापीठाच्या एम.एससी. प्रवेशाचा अर्ज, दोन्ही तिला भरू द्यावेत.