पावणेसातला हीथ्रो, तीनला चावी: मधला दिवस कसा काढायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत नाशिकहून ब्रिटनमधल्या रेडिंगला कायमचं जाताय, तुम्ही, तुमचे मिस्टर आणि चार वर्षांची लेक. विमान मुंबईहून रात्री अडीचला सुटतं आणि सकाळी पावणेसातला लंडनच्या हीथ्रोला उतरतं. घराची चावी दुपारी ३ वाजता मिळणार. मिस्टरांची नोकरी सोमवारी सुरू. तोपर्यंत जेट लॅग जाईल का, आणि लेकीचं कसं करायचं?

मी मूळची नाशिकच्या गंगापूर रोडची, आता बरीच वर्षं रेडिंगमध्येच आहे. त्यामुळे दोन्ही टोकं माहीत आहेत, आणि सविस्तरच लिहिते.

आधी एक गोष्ट नीट वेगळी करून घ्या. पहिल्या दिवशी जो थकवा येतो तो बहुतेक सगळा जागरणाचा असतो. जेट लॅग म्हणजे शरीराचं घड्याळ नाशिकच्या वेळेवर चालत राहणं. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून जाणवतं: संध्याकाळी सहालाच डोळे मिटतात, पहाटे तीनला टक्क जाग येते. जागरण एका चांगल्या झोपेने भरून निघतं. घड्याळ मात्र झोपेने सरकत नाही, ते मुख्यतः उजेडाने सरकतं. लोक दोन्हींवर एकच उपाय करतात, पोचल्यावर दुपारभर झोपून काढतात, आणि मग आठवडाभर रात्री जागे राहतात.

जागरण नाशिकलाच सुरू होतं. अडीचचं विमान म्हणजे साडेअकरापर्यंत विमानतळावर, म्हणजे घरातून संध्याकाळी सहा-साडेसहाला निघणं. घाटात किंवा भिवंडीजवळ ट्रॅफिक लागलं तर काय, म्हणून त्याहूनही आधी. आणि तो सगळा दिवस घरात काय चालू असतं ते तुम्हाला सांगायला नको. बॅगा वजनकाट्यावर चढतात-उतरतात, काकू लोणचं घेऊन येतात, शेजारचे भेटायला येतात, मुलीला कोणी ना कोणी कडेवर घेतलेलं असतं. माझं कळकळीचं सांगणं आहे: निघायच्या दिवशी दुपारी १ ते ४ घरात कोणालाही बोलावू नका. भेटीगाठी आदल्या दिवशी उरका. त्या तीन तासांत तुम्ही तिघंही दार लावून झोपा. संध्याकाळी औक्षण, हातावर दही-साखर, आणि निघा. ती दुपारची झोप पुढच्या अख्ख्या दिवसाला पुरते.

जमलं तर त्याआधीचे तीन-चार दिवस थोडं उशिरा झोपा आणि उशिरा उठा. रात्री बारा-साडेबारापर्यंत दिवे लख्ख ठेवायचे, सकाळी खोलीत अंधार. नाशिकच्या घरात सकाळी नळाचं पाणी, दूधवाला, कामाच्या मावशी, यांतून उशिरा उठणं सोपं नाही, पण तासभर सरकलं तरी तिकडे तासभर कमी सरकावं लागतं.

विमानात जेवण नाशिकच्या पहाटे साडेतीन-चारला येतं. ते घेऊ नका. घाट उतरायच्या आधी किंवा विमानतळावर पोटभर खाऊन घ्या, सीटवर बसल्या बसल्या डोळ्यांवर पट्टी लावा आणि झोपा. साधारण पावणेदहा तासांचा प्रवास आहे, त्यातले सहा तास मिळाले तरी खूप. पाणी पीत राहा, केबिनमधली हवा फार कोरडी असते. अधूनमधून उठून चार पावलं चाला.

आता वेळेचा हिशोब. हिवाळ्यात ब्रिटन भारताच्या साडेपाच तास मागे असतं (मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार). म्हणजे तुम्ही पावणेसातला उतराल तेव्हा नाशिकला सव्वाबारा झालेले असतील. हे तुमच्या फायद्याचं आहे. पश्चिमेला जाताना शरीराचं घड्याळ मागे करायचं असतं, आणि माणसाचं आतलं घड्याळ मुळातच चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे मागे जाणं पुढे जाण्यापेक्षा सोपं पडतं. ढोबळ मानाने रोज एक ते दीड तास सरकतं. गुरुवारी सकाळी उतरलात तर सोमवारपर्यंत मिस्टर बऱ्यापैकी ताळ्यावर येतील. शनिवारी उतरू नका. तिकीट अजून काढलेलं नसेल तर गुरुवारचंच बघा.

इमिग्रेशनच्या रांगेत वेळ जातो, तो जाऊ द्या. तिघांचेही ई-व्हिसाचे तपशील फोनवर उघडून तयार ठेवा. बाहेर पडलात की रेडिंग स्टेशनला थेट जाणारी रेलएअर नावाची बस आहे. सामान खाली डिकीत जातं, गाड्या बदलाव्या लागत नाहीत. लहान मूल आणि एवढ्या बॅगा असताना मी तरी ट्रेनपेक्षा हीच सुचवेन. भाड्याची गाडी पहिल्या दिवशी मुळीच घेऊ नका. आपल्या लायसन्सवर इथे वर्षभर गाडी चालवता येते हे खरं, पण रात्रभर जागलेल्या माणसाने स्टिअरिंग धरू नये.

साडेनऊच्या सुमारास रेडिंगला पोचाल. चावी तीनला. हा सगळ्यांत अवघड तुकडा आहे, आणि इथे थोडे पैसे खर्च करा असं मी स्पष्ट सांगेन. एजंटला आजच लिहा की भाडेकरार एक दिवस आधीपासून सुरू करा. एका दिवसाचं भाडं जास्त जाईल, पण सकाळी दहाला चावी हातात येईल. ते जमत नसेल तर स्टेशनजवळच्या हॉटेलात आदल्या रात्रीपासूनची खोली घ्या आणि त्यांना आधीच कळवून ठेवा की आम्ही सकाळी पोचू, खोली दुसऱ्या कोणाला देऊ नका.

खोली मिळाली की आंघोळ, आणि मग एक झोप: दहा ते साडेअकरा, गजर लावून, दोन्ही फोनवर. नाशिकला तेव्हा दुपारचे साडेतीन ते पाच असतात, म्हणजे थोडी उशिराची वामकुक्षीच. शरीर ती खुशीने घेतं. लेकीला बारापर्यंत झोपू द्या. बारानंतर कोणीही झोपायचं नाही. परत आडवं होण्याचा मोह फार होतो, म्हणून तिघंही बाहेर पडा.

स्टेशनपासून पाच मिनिटांवर फोर्बरी गार्डन्स आहे. मधोमध एक प्रचंड ओतीव सिंह उभा आहे, १८८० साली अफगाणिस्तानात झालेल्या मायवंदच्या लढाईत पडलेल्या बर्कशरच्या (रेडिंग याच परगण्यात आहे) सैनिकांचं स्मारक. त्या लढाईत बॉम्बे आर्मीच्या पलटणीही होत्या. मुलगी सिंहाकडे बघत, पळत तास-दीड तास सहज काढेल. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरच राहा: घरातल्या दिव्यांचा उजेड काही शे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, ढगाळ दुपारीही बाहेरचा हजारांत जातो. थंडी फारच वाजली तर टाउन हॉलमधलं रेडिंग म्युझियम जवळच आहे.

आणि मग चार वाजतात. जानेवारीच्या मध्यात इथे सव्वाचारच्या आसपास सूर्य मावळतो. नाशिकला त्याच दिवसांत सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो, त्यामुळे नव्या माणसाच्या मनाला हे पटतच नाही. आणि बाहेर अंधार पडतो नेमका तेव्हा, जेव्हा तुमच्या शरीरात रात्रीचे पावणेदहा वाजलेले असतात. अंधार, थंडी, झोप, तिन्ही एकदम येतात. बहुतेक लोक इथेच हार मानतात, आणि इथेच सगळं ठरतं.

कारण सांगते. रोज रात्री शरीराचं तापमान एका वेळी सर्वांत खाली जातं, उठायच्या दोन-तीन तास आधी. सातला उठणाऱ्याचं साधारण साडेचारला. त्या वेळेच्या आधीच्या काही तासांत डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ मागे सरकवतो, नंतरच्या काही तासांतला पुढे ढकलतो. नाशिकचे पहाटे साडेचार म्हणजे इथले रात्रीचे अकरा. म्हणून पहिले दोन-तीन दिवस तुमचं औषध म्हणजे संध्याकाळचा उजेड. ‘सकाळचं ऊन घ्या’ हा सल्ला तुम्हाला सगळे देतील. तो पूर्वेकडे जाणाऱ्यांना जास्त लागू पडतो.

तर चारनंतर घरात बसू नका. एखाद्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये जा. तिथला प्रकाश डोळ्यांत खुपेल इतका असतो, चालणं होतं, आणि दूध, ब्रेड, तांदूळ, बटाटे घ्यायचे असतातच. परत आल्यावर घरातले सगळे दिवे लावा. साडेसहाला वरण-भात किंवा खिचडी, हलकंच. चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद. लेक साडेसातला झोपली तरी हरकत नाही. तुम्ही दोघं नऊपर्यंत टिका. सोफ्यावर बसून टिकता येत नाही, उभ्याने बॅगा उघडा, भांडी लावा.

रात्री तीन वाजता जाग येईल. येणारच, नाशिकला साडेआठ वाजलेले असतात. यावेळी दिवा लावायचा नाही आणि फोन हातात घ्यायचा नाही. फोनवर काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे: आईची पूजा आटपलेली असते, चहा झालेला असतो, ‘उठलीच आहेस तर बोल दोन मिनिटं’ असा मेसेज आलेला असतो. व्हिडिओ कॉल लागला की स्क्रीनचा उजेड, सगळ्यांचे चेहरे, मुलीची चौकशी, आणि साडेचार वाजतात. शरीराला वाटतं सकाळ झाली. म्हणून घरी आधीच सांगून ठेवा की फोन तुमच्या संध्याकाळी साडेचारला होईल, म्हणजे इथल्या सकाळी ११ला. रात्री जाग आली तर अंधारातच पडून राहा. झोप लागली नाही तरी चालेल.

लेक मात्र तीनला उठेल आणि तिला खरोखर भूक लागलेली असेल. तिला गप्प झोपवायचा प्रयत्न करू नका. मंद दिव्यात एखादा मुरमुऱ्याचा लाडू, पाणी, हळू आवाजात एक गोष्ट, आणि परत पांघरूण. कार्टून लावू नका. पुरणपोळी, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोंडाजीचा चिवडा आणा हवा तेवढा. पेढे, बर्फी, तूप बॅगेत घालू नका, भारतातून दुधाचे पदार्थ आणायला इथे परवानगी नाही. लहान मुलं आपल्यापेक्षा लवकर रुळतात. तिची फक्त दुपारची झोप तासाभराच्या वर जाऊ देऊ नका.

मिस्टरांना सांगा, पहिल्या आठवड्यात सकाळी डोकं उत्तम चालेल. दुपारी तीन-चारला ग्लानी येईल. जे शिकायचं, सह्या करायच्या, बॉसशी बोलायचं, ते अकराच्या आत. तीनला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून कागद वाचण्याऐवजी बाहेर एक फेरी मारून यावं.

मेलाटोनिनबद्दल (झोपेच्या हार्मोनची गोळी) विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. इथे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि पश्चिमेकडच्या साडेपाच तासांसाठी त्याची गरजही नाही. मुलीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नका. तुमच्यापैकी कोणाला इन्सुलिन, थायरॉइड किंवा बीपीची गोळी चालू असेल तर डोसच्या वेळा नाशिकच्या डॉक्टरांकडून लिहून आणा.

एजंटला मेल मात्र आजच करा. उत्तर आलं की मला कळवा, हॉटेल बघायचं झालं तर स्टेशनजवळची दोन-तीन मी स्वतः जाऊन विचारून येईन.