रूटचं नाव: ‘अर्ज डॉट शो’ की ‘शोअर्ज’?

महाप्याच्या एका कंपनीत लॅराव्हेलवर (पीएचपीत वेब अ‍ॅप बनवायच्या तयार सांगाड्यावर, म्हणजे फ्रेमवर्कवर) काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न: गृहनिर्माण संस्थांच्या अ‍ॅपमध्ये टीमने मराठी शब्द रोमन लिपीत घेतलेत. रूटचं, म्हणजे कुठला वेब-पत्ता उघडल्यावर कुठला कोड चालेल हे सांगणाऱ्या नोंदीचं, नाव ‘शोअर्ज’ ठेवावं की ‘अर्ज डॉट शो’? आणि अनेकवचनाचं काय करायचं?

‘अर्ज डॉट शो’च ठेवा. लॅराव्हेलचा रिसोर्स रूट (एका नामाचे नेहमीचे सगळे रूट एका ओळीत बनवणारी सोय) आपणहून याच पद्धतीची सात नावं देतो: आधी नाम, मग इंडेक्स, क्रिएट, स्टोअर, शो, एडिट, अपडेट, डिस्ट्रॉय. आपणही ‘अर्ज दाखव’, ‘पावती फाड’ असंच बोलतो, कर्म आधी नि क्रियापद नंतर. रूटची यादी नावाप्रमाणे लावली की अर्जाचं सगळं एकाखाली एक येतं.

अनेकवचनाचा भाग मात्र मजेदार आहे. एक अर्ज, दहा अर्ज. रूप बदलतच नाही. लॅराव्हेलमध्ये त्याने काही अडत नाही. रेल्स या रुबी भाषेतल्या फ्रेमवर्कमध्ये यादी आणि एकेक नोंद यांची नावं वचनावरूनच वेगळी होतात: ‘पोस्ट्स पाथ’ आणि ‘पोस्ट पाथ’. दोन्ही रूपं सारखी निघाली, की रेल्स यादीच्या नावात ‘इंडेक्स’ घालतं. इंग्रजीतल्या ‘न्यूज’चं तसंच होतं, ‘अर्ज’चंही होईल. ‘पावती’चं ‘पावत्या’ होतं हे तर कुठल्याच फ्रेमवर्कला ठाऊक नाही. इंग्रजी नामांना अनेकवचन रूढ आहे, तिथे तेच पाळावं. मराठी नामं मात्र माझ्या मते सरसकट एकवचनी ठेवावीत.

अर्ज कमिटीकडेही असणार आणि सभासदाकडेही. नेरूळ स्टेशनबाहेर नुसतं ‘सेक्टर 10’ म्हटलं तर चालेल, पण ठाण्यात बसून म्हटलं तर ‘वाशीचा, नेरूळचा की ऐरोलीचा?’ हे विचारावंच लागतं. म्हणून ‘कमिटी डॉट अर्ज डॉट शो’ आणि ‘सभासद डॉट अर्ज डॉट शो’ अशी पूर्ण नावं द्या.

रूटचं नाव वेब-पत्त्यावरून (यूआरएलवरून) मात्र ठेवू नका. उद्या पत्त्यात ‘अर्ज’च्या जागी ‘विनंती’ आलं, तरी नाव तेच राहिलं तर ब्लेडच्या (लॅराव्हेलमध्ये पानांचा साचा लिहायच्या) एकाही फाइलला हात लावावा लागत नाही. रूटला नाव द्यायचं ते यासाठीच.

आणि पहिल्याच दिवशी स्पेलिंग ठरवून टाका: ‘पावती’ व्हीने की डब्ल्यूने, ‘तक्रार’मध्ये ए एक की दोन. एका अक्षराचा फरक पडला तरी पान उघडताच ‘रूट नॉट डिफाइन्ड’ येतं.