निवडला एक, उघडला दुसरा : ॲक्सेसच्या फॉर्मविषयी प्रश्नोत्तरे

मार्केट यार्डातल्या अडत दुकानांपासून गावच्या दूध संस्थेपर्यंत मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसवर (टेबलांत नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालणारे हिशेब सांगली जिल्ह्यात अजून पुष्कळ आहेत. एका फॉर्मवर निवडलेला शेतकरी किंवा ग्राहक दुसऱ्या फॉर्मपर्यंत नीट कसा पोहोचवायचा, हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, म्हणून निवडक पत्रांना एकत्र उत्तरे देत आहे. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. कॉम्प्युटरवर त्या इंग्रजीतच टाइप करायच्या. आणि काहीही बदलण्याआधी फाइलची कॉपी काढून ठेवा.

प्रश्न : यादीतून शेतकरी निवडून बटण दाबतो. बेदाण्याच्या आवकेचा फॉर्म उघडतो, पण सगळ्यांच्याच नोंदी दिसतात. (तासगाव)

उत्तर : अट चुकीच्या जागी पडली आहे. ओपनफॉर्म या फॉर्म उघडणाऱ्या आज्ञेत अटीची जागा चौथी; तिसरी जागा तयार क्वेरीच्या (नोंदी निवडून देणाऱ्या प्रश्नाच्या) नावासाठी असते. म्हणजे फॉर्मच्या नावानंतर तीन स्वल्पविराम हवेत :

डूकमांड.ओपनफॉर्म "आवक", , , "खातेआयडी=" & मी!खातेआयडी

खातेआयडी आकडा असेल तर एवढे पुरते. तो टेक्स्ट असेल तर किमतीच्या (म्हणजे व्हॅल्यूच्या, दराच्या नव्हे) दोन्ही बाजूंना एकेरी अवतरणचिन्ह लागते. यादीत काही न निवडताच बटण दाबले तर बरोबर चिन्हापुढे काहीच उरत नाही आणि 3075 ही चूक येते. म्हणून निवड रिकामी तर नाही ना, हे आधी इझनलने तपासा.

प्रश्न : आता त्याच शेतकऱ्याच्या नोंदी दिसतात. पण नवीन नोंद करताना खाते क्रमांक रिकामाच राहतो. (मिरज)

उत्तर : अट फक्त जुन्या नोंदी गाळून दाखवते, नव्या नोंदीत काही भरत नाही. क्रमांक ओपनआर्ग्समधून, म्हणजे ओपनफॉर्मच्या सातव्या जागी, पाठवा. दुसऱ्या फॉर्मच्या लोड इव्हेंटमध्ये (फॉर्म उघडताना चालणाऱ्या कोडमध्ये) ओपनआर्ग्स नल, म्हणजे रिकामा, नाही एवढे पाहून तो खातेआयडीच्या डिफॉल्टव्हॅल्यूला (नव्या नोंदीत आपोआप येणाऱ्या किमतीला) द्या. थेट चौकटीत भरू नका. तसे केले की फॉर्म उघडताच नोंद सुरू होते, आणि कोणी नुसता डोकावून बंद केला तरी अर्धवट नोंद टेबलात पडते. कोड 00417 असा टेक्स्टमध्ये असेल तर डिफॉल्टव्हॅल्यूतही तो अवतरणात द्या, नाहीतर पुढची शून्ये जातात.

आणखी दोन ठिकाणी अडते. दुसरा फॉर्म आधीच उघडा असेल तर ओपनफॉर्म त्याला नुसता पुढे आणतो. लोड पुन्हा चालत नाही आणि जुनाच क्रमांक राहतो. आधी तो बंद करून मग उघडा. शेतकरी त्याच क्षणी नवा नोंदवला असेल तर पहिला फॉर्म आधी सेव्ह व्हायला हवा. मी.डर्टी = फॉल्स ही एक ओळ ओपनफॉर्मच्या आधी टाका, नाहीतर संबंधित नोंद सापडत नाही अशी 3201 ची तक्रार येईल.

प्रश्न : रिपोर्ट उघडताना 'एंटर पॅरामीटर व्हॅल्यू' अशी चौकट का येते? (जत)

उत्तर : क्वेरी ज्या फॉर्मकडून किंमत मागते तो बंद आहे, किंवा नावाचे स्पेलिंग चुकले आहे.

प्रश्न : नाव निवडले की तेच नाव पट्टीच्या (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाच्या) फॉर्मला जाते. आमच्याकडे एकाच नावाचे दोन शेतकरी आहेत. दुसरा निवडला तरी पट्टी पहिल्याचीच निघते. ओळखीच्या एकाने कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (ॲक्सेसमधली फाइल दुरुस्तीची सोय) करायला सांगितले. केले, फरक नाही. (पलूस)

उत्तर : फरक पडणारच नव्हता. फाइल बिघडलेली नाही, रचना चुकली आहे. कॉम्पॅक्ट अँड रिपेअर हा सर्दीपासून सांधेदुखीपर्यंतचा काढा झाला आहे. कोणीही कोणालाही सांगतो.

कॉम्बो बॉक्सची, म्हणजे निवडीच्या यादीची, बाउंड कॉलम (जिची किंमत निवड म्हणून धरली जाते ती) नावावर ठेवली आहे. कॉम्बोच्या लेखी ती किंमत म्हणजेच निवड. एकच किंमत दोन ओळींत असली की तो पहिली ओळ धरतो. तुम्ही दुसऱ्या ओळीवर क्लिक केले हे त्याला कळतच नाही. म्हणजे चूक पट्टीच्या फॉर्मवर जाण्याआधीच झालेली असते, आणि ती दिसतही नाही, कारण पडद्यावर नाव बरोबरच असते. आपल्या भागात एका गावात एकाच नाव-आडनावाचे तिघे-चौघे पाटील सहज सापडतात. वडिलांचे नाव जोडले तरी खात्री नाही. शिवाय एक जण 'पाटिल' लिहितो, दुसरा 'पाटील', तिसरा आडनावापुढे एक जादा स्पेस सोडतो. नाव हे वाचण्यासाठी असते. एका फॉर्मकडून दुसऱ्याकडे जायला हवा तो खाते क्रमांक, आणि तो टेबलात प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची न दुहेरी होणारी ओळख, असायला हवा.

दुरुस्ती अशी. कॉम्बोच्या रो सोर्समध्ये क्रमाने खातेआयडी, नाव, गाव घ्या. कॉलम काउंट 3, बाउंड कॉलम 1, रुंदी 0 सेंमी, 5 सेंमी, 3 सेंमी. क्रमांक लपतो, नाव आणि गाव दिसतात. कोडमध्ये गाव हवे असेल तर कॉलम(2) लिहा. गुणधर्मांच्या चौकटीत मोजणी 1 पासून आहे आणि कोडमध्ये 0 पासून, इथे भलेभले फसतात. पट्टीच्या टेबलातही नावाऐवजी खातेआयडी ठेवा आणि दोन टेबलांतले नाते रेफरन्शियल इंटिग्रिटीसह (नसलेल्या खात्याची पट्टी होऊ न देणाऱ्या नियमासह) बांधा.

हे पुढच्या पट्ट्यांपुरते झाले. आधीच्या पट्ट्यांत कोणाची रक्कम कोणाच्या खात्यावर पडली, हे कोणतीही क्वेरी सांगणार नाही. पावतीपुस्तक घेऊन एकेक नोंद जुळवावी लागेल. पैसे दिलेल्या नोंदी परस्पर बदलू नका. आधी तुमच्या सीएला किंवा लेखापरीक्षकाला दाखवा. आणि हे सीझन संपल्यावर बघू म्हणून ठेवू नका, रोजच्या पट्टीबरोबर गुंता वाढतो आहे.

प्रश्न : तारीख दुसऱ्या फॉर्मला देतो. 1 एप्रिलला 4 जानेवारीच्या नोंदी येतात, 13 एप्रिलपासून सगळे बरोबर! (कुपवाड)

उत्तर : हॅश चिन्हांमधली तारीख ॲक्सेस आधी महिना, मग दिवस अशी वाचतो. 13 वा महिना नसल्यामुळे तिथून पुढे तो उलटून घेतो, म्हणून अर्धा महिना खोटी खात्री वाटते. विंडोजच्या सेटिंगशी खेळू नका. फॉरमॅट वापरून तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, जसे #2024-04-01#, अटीत घाला. मार्चअखेरची आकडेवारी याच अटीवर काढली असेल तर सीएला कळवा.

प्रश्न : प्रोग्रॅम करून देणारे म्हणतात, एवढ्या बदलासाठी चारही कॉम्प्युटरवर ॲक्सेस विकत घ्यावे लागेल. आमच्याकडे फाइल एसीसीडीई आहे. (विटा)

उत्तर : नुसता प्रोग्रॅम चालवायला ॲक्सेस रनटाइम पुरतो आणि तो मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळतो. पूर्ण ॲक्सेस लागते ते बदल करणाऱ्याला. खरी अडचण वेगळी आहे : एसीसीडीई फाइलमध्ये मूळ कोड नसतो, त्यामुळे तिचे फॉर्म कोणालाच बदलता येत नाहीत. मूळ एसीसीडीबी फाइल मागा. ती कोणाच्या मालकीची हे करारात नसेल तर पुढचे बिल देण्याआधी लिहून घ्या, आणि मसुदा वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्या.

प्रश्न : सबफॉर्ममधली रक्कम दुसरीकडे कशी वाचायची? (आटपाडी)

उत्तर : फॉर्म्स!मुख्यफॉर्म!सबफॉर्मकंट्रोल.फॉर्म!रक्कम. मधले नाव कंट्रोलचे, आतल्या फॉर्मचे नव्हे.

प्रश्न : निवडलेला क्रमांक ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवत होतो, तो मधूनच रिकामा व्हायचा. आता एका टेबलात ठेवतो, तर शेजारच्या कॉम्प्युटरवरचा शेतकरी माझ्या पडद्यावर येतो. (सांगली)

उत्तर : एसीसीडीबीमध्ये न हाताळलेली एखादी चूक आली आणि कोड थांबवला की ग्लोबल व्हेरिएबल पुसले जातात. टेबल सामायिक असले की शेवटी लिहिणाऱ्याचा क्रमांक सगळ्यांना मिळतो. ॲक्सेस 2007 पासून आलेले टेम्पव्हार्स (तात्पुरती किंमत ठेवण्याची सोय) वापरा. ते चुकीनंतरही टिकतात, क्वेरीतही चालतात आणि प्रत्येकाचे वेगळे असतात. भरताना चौकटीच्या नावापुढे .व्हॅल्यू लिहायला विसरू नका, नाहीतर 32538 ही चूक येते.

चौघे मिळून एकच फाइल उघडत असाल तर ती विभागा : टेबले सर्व्हरवर, फॉर्म आणि कोड प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर. हे काम चालू दिवशी करू नका. माहितगाराला बोलवा, आणि तो आला की आधी बॅकअप उघडून दाखवायला सांगा.