डेल्स यायच्या आधीच डावीकडे वळा

पत्र शिकागोच्या एका उपनगरातून आलंय. थोडक्यात असं:

“ताई, जूनमध्ये सासू-सासरे सांगलीहून येताहेत, दुसऱ्यांदा. मागच्या वेळी नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन झालं. परत गेल्यावर सासरे सगळ्यांना सांगत होते, ‘चालून चालून पाय गेले, बघितलं काय ते फोटो पाहून कळलं.’ ते कृषी खात्यातून निवृत्त झालेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या पूर्ण शाकाहारी आहेत. मुलं सहा आणि अकरा वर्षांची. नवरा म्हणतो विस्कॉन्सिन डेल्सला वॉटरपार्कमध्ये जाऊ, मुलं तरी खूश होतील. मला वाटतं, आजी-आजोबांनी काठावर टॉवेल सांभाळत बसायचं का? तीन दिवस आहेत. इथे आसपास मका आणि सोयाबीनशिवाय बघायला आहे तरी काय?”

टॉवेल सांभाळायचं दुःख मला माहीत आहे. आमचे बाबा आले होते तेव्हा मी दोन दिवसांत नऊ ठिकाणांची यादी केली होती, वेळेसकट. सातव्या ठिकाणी बाबा गाडीतून उतरलेच नाहीत. म्हणाले, “तुम्ही या जाऊन, मी गाडी सांभाळतो.” गाडीला काय होणार होतं!

म्हणून आधी यादी खोड. दिवसाला दोन थांबे, फार तर अडीच. आणि जागा निवडताना ‘यांना काय दाखवू’ असा विचार करू नकोस. ‘इथे आजोबा नातवंडांना काय सांगू शकतील’ असा कर. नायगाऱ्याला त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. तुझ्या घरापासून चार तासांवर एक मुलूख आहे, तिथे त्यांच्याकडे तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त असेल.

त्या मुलखाचं नाव ड्रिफ्टलेस. विस्कॉन्सिनचा नैर्ऋत्य भाग, आयोवा आणि मिनेसोटाचे मिसिसिपीला लागून असलेले कोपरे आणि इलिनॉयचा वरचा डावा तुकडा. हिमयुगात आजूबाजूचा प्रदेश बर्फाच्या थरांनी रगडून सपाट केला आणि जाताना दगडगोटे-मातीचा गाळ मागे टाकला. त्या गाळाला भूगर्भशास्त्रात ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. हा तुकडा शेवटच्या हिमयुगात बर्फाखाली आलाच नाही, म्हणून ड्रिफ्टलेस. इथे डोंगर आहेत, अरुंद दऱ्या आहेत, झरे आणि गुहा आहेत. नैसर्गिक तळी मात्र जवळजवळ नाहीत, कारण विस्कॉन्सिन-मिनेसोटातली बहुतेक तळी बर्फाने केलेली आहेत. मोठ्या मुलाला हे कोडं घाल: शेजारी हजारो तळी, इथे का नाहीत?

मॅडिसनपर्यंत नेहमीचाच रस्ता. तिथून डेल्सची गर्दी उजवीकडे जाऊ दे आणि तू हायवे १४ धरून पश्चिमेला निघ. स्प्रिंग ग्रीन, रिचलंड सेंटर करत दोन तासांत व्हिरोक्वाला पोहोचशील. दोन्ही मुक्काम तिथेच कर. हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं घर किंवा केबिन घे आणि कुकर बरोबर ने. सासूबाईंना सकाळी स्वतःच्या हाताचा चहा मिळाला की निम्मी सहल यशस्वी. रोज रात्री बॅगा बांधायच्या नाहीत, हा फायदा वेगळाच.

दुसऱ्या दिवशीची सकाळ तुझ्या सासऱ्यांची. व्हिरोक्वाहून त्याच हायवेने कून व्हॅलीकडे जा. माथ्यावर रस्ता असेल तिथे सुरक्षित जागा बघून गाडी थांबव. उतारांवर मका, गवत, पुन्हा मका, पुन्हा गवत असे पट्टे दिसतील. सरळ नाहीत, डोंगराच्या अंगाने वळत गेलेले. तुला आणि मला ते फक्त ‘सीनरी’ वाटतं. सासरे एका नजरेत म्हणतील, “अरे, ही तर समपातळीवरची पेरणी!” युरोपातून आलेल्या शेतकऱ्यांनी इथे उतारावर वर-खाली नांगर धरला, डोंगरावरच्या झाडीत गुरं सोडली, आणि पन्नास-साठ वर्षांत पावसाने घळी पाडून माती खाली नेली. १९३३ मध्ये याच कून क्रीकच्या खोऱ्यात अमेरिकेतला पहिला पाणलोट मृद्संधारणाचा प्रयोग सुरू झाला. चारशेहून अधिक शेतकऱ्यांनी करार केले, मंदीत बेकार झालेल्या तरुणांच्या छावण्यांनी घळी बांधल्या, कुंपणं घातली, झाडं लावली. त्याची पाटी हायवेच्या कडेला आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे रोजगाराच्या कामांवर बांधबंदिस्ती झाली. तुझे सासरे त्या पिढीचे असतील तर बाहत्तरचं नाव निघायला वेळ लागणार नाही. बांध का घालतात, पाणी कसं चालवायचं आणि पळू द्यायचं नाही, हे ते नातवाला इथे उभं राहून सांगतील. मध्ये बोलू नकोस. तासभर गेला तर जाऊ दे.

दुपार मुलांची. एलरॉय ते स्पार्टा अशी बत्तीस मैलांची जुनी रेल्वेलाइन आहे. रूळ काढून तिची सायकलवाट केली, देशातल्या अगदी पहिल्या अशा वाटांपैकी एक. तिच्यावर तीन बोगदे आहेत. दोन साधारण पाव मैलाचे, आणि नॉरवॉक-स्पार्टाच्या मधला तिसरा पाऊण मैलाचा. आत दिवे नाहीत, छतातून पाणी ठिबकतं, आणि बाहेर जूनचं ऊन असताना आत स्वेटर लागतो. सायकलवरून उतरून चालावं लागतं. प्रत्येकाला वेगळी बॅटरी दे, फोनच्या उजेडावर राहू नकोस. सगळी वाट करायची गरज नाही. धाकट्याला घेऊन बोगद्यात शंभर पावलं जा, बॅटऱ्या बंद करा आणि मनसोक्त ओरडू दे. खंडाळ्याच्या बोगद्यांत आपण हेच करत होतो. सोळा वर्षांवरच्यांना सायकलसाठी पास लागतो, आणि बोगद्यांची दुरुस्ती मधूनमधून निघते, तेव्हा निघण्याआधी चौकशी कर. सासूबाई नॉरवॉकच्या बाजूला सावलीत बसतील. बसू दे. कोणीतरी सतत त्यांना ‘चला ना आई’ म्हणणं हाच मागच्या सहलीचा खरा त्रास असावा, असा माझा अंदाज आहे.

या भागात आमिश लोकांची, म्हणजे मोटार-विजेपासून दूर राहून जुन्या पद्धतीने जगणाऱ्या ख्रिस्ती पंथाची, मोठी वस्ती आहे, कॅशटनच्या आसपास तर खूपच. रस्त्यावर घोडागाडी दिसली की वेग कमी करायचा आणि चढावर ओव्हरटेक करायचा नाही. त्यांना स्वतःचे फोटो काढलेले आवडत नाहीत, मुलांना गाडीतच सांगून ठेव. घराबाहेर पाटी लावून ते ब्रेड, लोणची-मुरंबे, रजया विकतात. रोख पैसे ठेव. रविवारी सगळं बंद. आम्ही नेमके रविवारी गेलो होतो, चाळीस मैल, ब्रेडसाठी.

जेवणाचं सांगते. शुक्रवारी रात्री अख्खं विस्कॉन्सिन फिश फ्राय खायला बाहेर पडतं. घरातल्या मासे खाणाऱ्यांनी जरूर खावा, पण सासूबाईंच्या ताटात त्या दिवशी बटाटा आणि कोबीच येणार. म्हणून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट बरोबर असू दे. चीज कर्ड्स, म्हणजे ताज्या चीजचे छोटे तुकडे, मात्र त्यांना चाखव. त्याच दिवशी केलेले असतील तर दाताखाली चुकचुक आवाज येतो, दुसऱ्या दिवशी तो जातो. चीजसाठी दूध घट्ट करायला रेनेट घालतात, ते प्राण्याचं की सूक्ष्मजीवांपासूनचं, हे दुकानात आधी विचार. बऱ्याच ठिकाणी प्राण्याचं नसतं, पण विचारल्याशिवाय शाकाहारी माणसाच्या हातात देऊ नये.

तिसऱ्या दिवशी सामान भरून दक्षिणेला निघ. पहिला थांबा सोल्जर्स ग्रोव्ह, किकापू नदीकाठचं छोटंसं गाव. पर्यटकाला इथे ‘बघण्यासारखं’ काही नाही. सांगलीकराला आहे. नदी वारंवार बाजारपेठेत शिरायची. शेवटी १९७० च्या दशकाच्या अखेरीस गावाने ठरवलं की भिंत बांधत बसण्यापेक्षा बाजारपेठच उचलून उंचावर न्यायची, आणि नव्या इमारती सूर्याच्या उष्णतेवर गरम ठेवायच्या. जुन्या बाजाराच्या जागी आता नदीकाठचं उद्यान आहे. २००५ आणि २०१९ चे पूर ज्यांनी घरात पाहिले, त्यांना हे सांगून बघ आणि पुढचा तासभर गाडीत काय चर्चा होते ते ऐक.

याच नदीवर थोडं वर, ला फार्जजवळ, एक अर्धवट धरण आहे. शंभराहून जास्त कुटुंबांच्या जमिनी घेतल्या, काँक्रीटचा मनोरा उभा राहिला आणि १९७५ मध्ये काम थांबलं ते कायमचं. ती जमीन आता राखीव अरण्य आहे, राज्य आणि इथले मूळ रहिवासी हो-चंक लोक मिळून तिची देखभाल करतात. दुसऱ्या दिवशी वेळ उरला तर तिकडे जा. ‘धरणग्रस्त’ या शब्दाचा अर्थ मुलांना सांगायला आजोबांना मनोरा समोर मिळेल.

मग प्रेरी द्यू शीनला मिसिसिपी ओलांडून आयोवात. मॅग्रेगर गावावर पाइक्स पीक नावाचं राज्य उद्यान आहे. कोलोरॅडोतलं प्रसिद्ध शिखर वेगळं, माणूस तोच, झेब्युलन पाइक. गाडीतळापासून थोडंसं सपाट चाललं की कठडा येतो आणि पाचशे फूट खाली विस्कॉन्सिन नदी मिसिसिपीला मिळताना दिसते. बेटं, वाळूचे पट्टे, दोन पाण्यांचे दोन रंग. सासूबाई हरिपूरच्या संगमावर गेल्या असतीलच, कृष्णा-वारणेच्या. हात आपोआप जोडले जातील. १७ जून १६७३ ला मार्केट आणि जोलिए हे दोन फ्रेंच प्रवासी डोंग्यांतून याच संगमावर मिसिसिपीत उतरले. त्याच वर्षी मार्चमध्ये शिवरायांच्या माणसांनी पन्हाळा परत घेतला होता. थोरल्याला शाळेत मार्केट-जोलिए असतात, पन्हाळा नसतो. कोंडाजी फर्जंद साठ माणसांनिशी गड कसा चढला, ती गोष्ट आजोबांकडे सोपव.

तिथून उत्तरेला काही मैलांवर एफिजी माउंड्स हे राष्ट्रीय स्मारक आहे, प्रवेश फुकट. इथल्या मूळ लोकांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी टोपल्यांनी माती वाहून अस्वलं आणि पक्षी यांच्या आकाराचे उंचवटे रचले. त्यातलं मोठं अस्वल १३७ फूट लांब आहे. पण तिथवरची वाट चांगलीच चढाची, गुडघेदुखीला नकोच. माहिती केंद्राजवळ तीन उंचवटे सपाटीवर आहेत, ते सासूबाईंना दाखव. नवऱ्याला आणि मुलांना वर पाठव. उंचवट्यांवर पाय द्यायचा नाही, डबा उघडायचा नाही. आजही काही जमातींसाठी ही पूर्वजांची जागा आहे.

काही रुक्ष गोष्टी. दऱ्यांत फोनची रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून ठेव. गवतात फिरून आल्यावर मुलांचे कान, मान, गुडघ्यामागची जागा तपास, इथे लाइम आजार पसरवणाऱ्या गोचिड्या असतात. अंधार पडताना हरणं रस्त्यावर येतात, तेव्हा मुक्कामी लवकर पोहोच. आई-बाबांचा प्रवासी विमा आणि औषधांची यादी डॅशबोर्डमध्ये ठेव. मोठी रुग्णालयं ला क्रॉसला आहेत, व्हिरोक्वापासून पाऊण तास.

परतताना आयोवाच्या काठाने गटनबर्गवरून खाली ये. पुढे कॅसव्हिलला मिसिसिपी ओलांडायला गाड्या वाहणारी फेरीबोट आहे. नदीला पाणी जास्त असलं की ती बंद असते, तेव्हा सकाळीच फोन करून विचार. बंद असेल तर डब्यूकचा पूल आहेच. फेरी मिळाली तर पलीकडे डिकीव्हिलला पंधरा मिनिटं थांब. १९२५ ते १९३० मध्ये तिथल्या एका पाद्रीबाबांनी दगड, शिंपले, काचा आणि फुटक्या कपबश्या सिमेंटमध्ये बसवून देवालय उभं केलंय. मला ते जरा भडक वाटतं. माझ्या सासूबाईंना तिथून हलवायला अर्धा तास लागला होता.