सोलापुरातल्या जुन्या वास्तूंची नोंद करायची आहे, पण मी आर्किटेक्ट नाही. सुरुवात कुठून करू?

किल्ल्यापासून किंवा इंद्रभुवनापासून करू नका. भुईकोट पुरातत्त्व खात्याकडे आहे, इंद्रभुवनात महापालिका बसते. त्यांचं तुमच्या टेपवाचून काही अडलेलं नाही. बाळीवेस, शुक्रवार पेठ असं फिरा, आणि ज्या वाड्याला नाव नाही, ज्याची भावकीत वाटणी चाललीय, तो आधी धरा. पडतो तोच.

मी ड्राफ्ट्समन होतो, तरी पहिल्याच वाड्यात फसलो. ढेलज, ओसरी, सोपा, सगळ्यांची लांबी-रुंदी घेतली, कर्ण घेतले नाहीत. घरी कागदावर उतरवायला बसलो तर चौथी भिंत जुळेना. जुन्या खोल्या काटकोनात असतीलच असं नाही, हे तेव्हा डोक्यात नव्हतं. गड्ड्याची जत्रा उरकली की परत जाऊ म्हटलं. गेलो तर वाडा पाडून माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, माती ट्रॉलीत भरत होते. भिंतीत धान्य साठवायचं बळद होतं, ते किती खोल आहे हे मोजायचं राहिलं ते राहिलंच.

तेव्हा प्रत्येक खोलीच्या चार बाजू, दोन्ही कर्ण, आणि दारापाशी भिंतीची जाडी. तीस मीटरचा टेप, दोन माणसं. टेप एका कोपऱ्यात धरून सलग आकडे वाचा. तुकडे बेरजेला घेतले की चूक वाढत जाते.

दारात 'मोजायला आलोय' म्हणालात की संपलं. मला एका आजींनी विचारलं होतं, "रुंदीकरण हाय काय ओ?" वाडा बघायचाय म्हणा, चहा घ्या, टेप नंतर काढा. पूर्व भागात तेलुगू येणारा मित्र बरोबर असला तर निम्मं काम तिथंच होतं.

वयाचं म्हणाल तर प्रॉपर्टी कार्डावर जागा कुणाची ते कळतं, वाडा कधीचा ते कळेलच असं नाही. चौकटीवर शक कोरलेला असला तर त्यात ७८ मिळवा: शके १८२१ म्हणजे साधारण १८९९. तोही दुरुस्तीचा असू शकतो, म्हणून घरातल्या थोरल्या माणसाला विचाराच. फोटोच्या नावात सिटी सर्व्हे नंबर, दिशा आणि तारीख घाला.

आणि एक चांगली प्रिंट घरच्यांना नेऊन द्या. पुढचा वाडा तेच दाखवतात.