प्रागचा चढ आणि दुखरे गुडघे

प्रश्न : आम्ही सहकुटुंब तीन दिवसांसाठी प्रागला जाणार आहोत. सोबत सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे आणि दहा वर्षांची मुलगी आहे. सासूबाईंना गुडघेदुखीचा त्रास आहे. किल्ला, चार्ल्स पूल आणि जुन्या चौकातील घड्याळ हे सारे एकाच दिवसात पाहून होईल का?

उत्तर : होईल, पण तसे करू नये. नकाशावर ही तिन्ही ठिकाणे हाकेच्या अंतरावर वाटली, तरी किल्ला टेकडीवर आहे आणि पूल व चौक खाली, व्लतावा नदीच्या बाजूला. पहिला दिवस किल्ला आणि पुलाला द्यावा आणि घड्याळ दुसऱ्या दिवशी पाहावे.

किल्ल्यावर जाण्यासाठी २२ क्रमांकाच्या ट्रामने ‘प्राझ्स्की ह्राद’ या थांब्यावर उतरावे, कारण तेथून आत जाण्याची वाट जवळपास सपाट आहे. (कागदी तिकीट असल्यास ते यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा, अन्यथा ते वैध धरले जात नाही.) रविवार शक्यतो टाळावा, कारण त्या दिवशी सकाळी किल्ल्यातील सेंट व्हायटस कॅथीड्रलमध्ये प्रार्थना असते. या कॅथीड्रलचे काम १३४४ मध्ये सुरू झाले आणि १९२९ मध्ये पूर्ण झाले. आत चित्रकार आल्फोन्स मुखा यांची खिडकी आहे. तेथील इतर अनेक खिडक्यांत रंगीत काचांचे तुकडे जोडलेले दिसतात, हिच्यात मात्र काचेवरच रंगकाम केले आहे. त्यामुळे चेहऱ्यांवरील छटाही जवळून न्याहाळता येतात.

खरी काळजी परतीची घ्यावी. दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतारच अधिक छळतो, म्हणून ‘पायऱ्यांनी सावकाश उतरू’ हा विचार सोडून द्यावा. सासू-सासऱ्यांसोबत एकाने त्याच ट्रामने ‘मालोस्त्रान्स्के नामेस्ती’ या चौकात यावे आणि दुसऱ्याने मुलीला घेऊन नेरुदोवा रस्त्याने उतरावे, कारण तो रस्ताही त्याच चौकात येतो. १७७० मध्ये घरांना क्रमांक मिळाले, त्यापूर्वी घरे दारावरील चिन्हांवरून ओळखली जात. या रस्त्यावरील अशा चिन्हांतील तीन व्हायोलिने आणि दोन सूर्य शोधण्यात मुलगी रमून जाईल. चौकातून पुलापर्यंतचा रस्ता सोपा आहे, मात्र पायाखाली सर्वत्र दगडी फरसबंदी असल्याने जाड तळव्याचे बूटच घालावेत.

घड्याळाचा सर्वात जुना भाग १४१० सालचा आहे. दर तासाच्या ठोक्याला सर्वांच्या नजरा घड्याळाच्या खिडक्यांतून सरकणाऱ्या प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या, मूर्तींवर खिळतात. मुलीला मात्र घंटेची दोरी ओढणारा सांगाडा दाखवावा. हा खेळ मिनिटभरात आटोपतो, त्यामुळे त्यासाठी गर्दीत फार आधीपासून ताटकळू नये. त्यापेक्षा त्याच इमारतीच्या मनोऱ्यावर जावे, कारण तेथे लिफ्ट आहे आणि सासूबाईंनाही वरून शहर पाहता येईल.